बेडरूमची लाईन

शेवंती घाडीच्या घरी बसलेला पाहुणा चहाचा शेवटचा घोट घेतो न घेतो तोच डोक्यावरचा पंखा मंदावायचा. ही बटणाशी उभी. "उठतलात ना आता?" असं वर विचारायची, आणि त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही. पाहुणाही घाटकोपरचाच, जुन्या चाळीतला, तिला ओळखून असलेला. तो हसत चपला घालायचा.

चाळ पाडून तिच्या जागी हा टॉवर उभा राहिला तेव्हा शेवंतीचा नवरा धोंडिराम हयात नव्हता. आधी गिरणी, गिरणी बंद पडल्यावर पवईला एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन, असं आयुष्य काढून तो टॉवर होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या घरातच गेला. नव्या घराची चावी शेवंतीच्या हातात आली, कागदही तिच्या एकटीच्या नावावर झाले. हॉल, किचन, आणि दार लावता येईल अशी एक बेडरूम. चाळीतल्या एका खोलीत सासू, दीर, नवरा, पोरगा सगळे एकमेकांच्या पायाशी झोपलेले. चावी मिळाली त्या दिवशी ती बेडरूमचं दार उगाच उघडत-लावत उभी होती. शेजारची कुंदा म्हणाली, "अगो बस कर, बिजागरी सुटेल."

कुंदा म्हणजे चाळीपासूनची शेजारीण. तिथे भिंतीला भिंत होती, इथे दारासमोर दार.

नव्या घराचं पहिलं लाईटबिल आलं आणि शेवंती घाबरली. चाळीत एक ट्यूब, एक पंखा आणि कण्हत चालणारा फ्रिज. इथे गिझर, चिमणी, दोन दारांचा फ्रिज आणि बेडरूममध्ये एसी. हे सगळं तिच्या मुलाने, नितेशने, हौसेने बसवून दिलेलं. नितेश बायकोमुलीसह पवईला भाड्याने राहतो, एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. आईने बिलाचं रडगाणं लावल्यावर तो पुढच्याच रविवारी एक डबी घेऊन आला. दारावर जी बटणांची पेटी असते, जिथे मेन असतो, ती त्याने उघडली, प्रत्येक वायरीला चिमटे लावले आणि डबी आत बसवली.

"ह्यो डबो काय करतलो?" शेवंतीने विचारलं.

"हे बघ आई." नितेशने मोबाईल पुढे केला. "ही हॉलची लाईन, ही किचनची, ही गिझरची, ही बेडरूमची. कुठे किती वीज जळते ते मला पवईत बसून दिसणार. संध्याकाळी फोन करीन तुला. कुठे जास्त झालं ते सांगीन."

"रोज करशीत?"

"रोज."

शेवंतीचा स्वतःचा फोन बटणांचा. त्यात असलं काही दिसायचं नाही. तिला ते बरंच वाटलं. आपल्याला दिसत नाही म्हणजे नितेशला फोन करावाच लागणार.

आणि त्याने केला. रोज संध्याकाळी, ऑफिसातून निघताना. "आई, आज गिझर लय वेळ चालला गं." दुसऱ्या दिवसापासून शेवंती एक बादली गरम पाणी काढून त्यावर ताट झाकायची, गिझर बंद करायची आणि त्याच पाण्यात सगळं भागवायची. "आई, टीव्ही बंद केला तरी केबलच्या डब्याचा लाल दिवा चालू राहतो ना, तो पण खातो." लगेच तो लाल दिवा मालवला. "शाब्बास आई! ऑफिसात दाखवलं मी सगळ्यांना. म्हटलं, माझ्या आईचा ग्राफ बघा नि तुमच्या घरचा बघा."

"मगे? काय म्हणाले?"

"काय म्हणणार. गप झाले."

ग्राफ म्हणजे काय ते शेवंतीला कधी नीट कळलं नाही. पण आपला ग्राफ पवईतल्या साहेबलोकांना दाखवण्यासारखा आहे, हे ती सगळ्या मजल्याला सांगत फिरली. लिफ्टमध्ये सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. शाळेत कधी पहिला नंबर आला नव्हता, तो आता आल्यासारखं वागत होती.

पहिला नंबर टिकवायचा म्हणजे कष्ट आले. वाटण करायचं झालं की ती भाजलेलं खोबरं-कांदा टोपात घेऊन समोर कुंदाकडे जायची. सिरियलही तिथेच. कपड्यांना इस्त्री कुंदाकडे. एक दिवस कुंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शेवंते, तुझ्या मिक्सरला काय झालंय गं?"

"काय नाय. बरो आसा."

"मग? तुझा नंबर वर नि माझं बिल वर, असा हिशोब आहे होय? तुझ्या पोराला सांग, माझ्या पेटीत पण डबी लाव. म्हणजे कळेल त्याला, आई कुठे जाळते ते."

दोघी हसल्या. पण कुंदा पुढे जे म्हणाली त्यावर शेवंती हसली नाही. कुंदा म्हणाली, "अगं, आणि ती आतली खोली? एवढा एसी लावलाय, गादी नवीकोरी. तू आपली हॉलात दाराशी चटई टाकून झोपतेस. चाळीत होतीस तशीच. ती खोली काय पूजेला ठेवलीयेस?"

त्या खोलीत शेवंती फक्त झाडू मारायला जायची. गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. कपाटात एक नवी चादर, दोन उशा, आणि नात दिशासाठी घेतलेली छोटी मऊ गोधडी.

ह्यामागचं कारण कुंदाला कळलं नसतं, कारण कुंदाचं माहेर-सासर दोन्ही घाटकोपर. शेवंती कणकवलीकडची. तिच्या सासूच्या गावच्या घरात एक खोली कायम बंद असायची. ती चाकरमान्यांची. मुंबईला असलेले मुलगे गणपतीला, शिमग्याला येणार, तेव्हा उघडायची. मधल्या दिवसांत म्हातारी स्वतः पडवीत झोपायची, पावसाची झड आली तरी. खोली सारवून ठेवायची, तिथे पोतं ठेवू द्यायची नाही की पोराबाळांना खेळू द्यायची नाही. नवी नवरी शेवंती तेव्हा मनात म्हणायची, काय खुळी बाई आहे. आणि आता घाटकोपरात, टॉवरमध्ये, लिफ्टच्या घरात, ती स्वतः तेच करत होती. खोली नितेशची. तो, दीप्ती आणि दिशा राहायला येतील तेव्हा उघडायची, तोपर्यंत शिवायची नाही. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. असल्या गोष्टी बोलायच्या असतात हेच तिला माहीत नव्हतं.

ते यायचे, पण राहायचे नाहीत. दुपारी जेवून संध्याकाळी पवई. दिशाचा डान्सचा क्लास, दीप्तीचं काहीतरी. "पुढल्या वेळी नक्की हं आई," दीप्ती म्हणायची. ती ठाण्याची, बोलायला गोड. शेवंती म्हणायची, "हा हा, सावकाशीन येवा."

मग एका दुपारी बेल वाजली. दारात सफारीतला एक माणूस आणि त्याच्यामागे एक तरुण जोडपं.

"नमस्ते मावशी. मी हर्षद, इस्टेटवाला. नितेशभाईंनी सांगितलं असेलच."

शेवंतीला नितेशभाई म्हणजे आपलाच नितेश हे कळायला वेळ लागला. तोपर्यंत हर्षदभाई चपला काढून आत आला होता आणि जोडप्याला किचनची खिडकी दाखवत होता. "क्रॉस व्हेंटिलेशन फुल आहे. पाणी चोवीस तास." मग त्याने बेडरूमचं दार ढकललं.

"हे बघा. एकदम कोरी. एसी फर्स्ट हँड समजा, चालवलेलाच नाही."

"अंकल, सगळे असंच म्हणतात," जोडप्यातला मुलगा म्हणाला.

"अरे मी खोटं बोलतो काय? मालकाने मला मोबाईलमध्ये दाखवलंय. त्यात बेडरूमची लाईन वेगळी दिसते. पूर्ण शून्यावर. घर घेतल्यापासून ह्या रूममध्ये बटण दाबलेलं नाही. मावशी एकट्या, हॉलमध्ये राहतात. आता त्या पवईला चालल्या ना मुलाकडे." आणि शेवंतीकडे वळून म्हणाला, "बरोबर ना मावशी? एकटीला कशाला एवढं घर?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ह्या बाईला सगळं ठाऊक आहे. जोडप्यातल्या मुलीने गादीवरच्या प्लास्टिकवर बोट फिरवलं. शेवंती पुढे झाली, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पाणी पितलात?"

ते गेल्यावर ती दाराशी चटईवर बसली. नितेशला लावावा म्हणून हातात घेतलेला फोन तिने खाली ठेवला. म्हटलं, संध्याकाळी करीलच की तो. सांगील तो. काहीतरी गैरसमज असेल. हर्षदभाई दुसऱ्या कुठल्या घरात जायचा तो इथे आला असेल. पण दुसऱ्या कुठल्या घराची लाईन शून्यावर असेल?

संध्याकाळी फोन आला.

"आई, मस्त! आज पण एकदम कमी."

"हा." शेवंती म्हणाली. "आणि काय नवीन?"

"नवीन काय असणार. काम, काम. तू बरी ना?"

"बरी आसंय. कोण इला-गेला विचारूक नाय तू."

"कोण आलं होतं?"

"कुंदा," शेवंती म्हणाली.

"बरं बरं. रविवारी येतो आम्ही. जेवायलाच येतो."

दुसऱ्या दिवशीही तिने तसंच विचारलं, "काय नवीन?" तिसऱ्या दिवशी तर "माका काय सांगूचा आसा काय तुका?" इतकं सरळ विचारलं. तो म्हणाला, "हो, सांगायचंय. फ्रिजचं दार जरा नीट लावत जा. किचनची लाईन थोडी वर गेलीय."

तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं की दारावरची ती पेटी आपल्याकडे बघतेय. तिच्याखाली झोपायला तिला नको झालं, तिने चटई खिडकीकडे ओढली. पवईत बसून तो वीज मोजतोय असं ती समजत होती. तो तिलाच मोजत होता. केव्हा उठते, केव्हा निजते, किती जागा व्यापते, किती रिकामी ठेवते. आणि ती मूर्खासारखी रोज कमी-कमी होत गेली, शाब्बास मिळावी म्हणून.

कुंदाला तिने सगळं सांगितलं. कुंदा खवळलीच. "आत्ता लाव त्याला फोन. झाप चांगला."

"नाय. रविवारी येतलो. तोंडार सांगतलो तो."

"नाही सांगितलं तर?"



रविवारी तिने वडे केले, कोंबडीचा रस्सा केला. वाटण स्वतःच्या मिक्सरवर केलं. नितेश, दीप्ती, दिशा आले. पोरीने येताक्षणी आजीच्या कमरेला मिठी मारली. जेवणं झाली. नितेशने रस्सा दोनदा मागून घेतला. हात धुताना शेवंतीने त्याच्या हातात टॉवेल दिला आणि जरा रेंगाळली. आता सांगील. त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला,

"आई, एक माणूस येतोय आता. मीटरचं काम आहे. मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे ना, तो तुझ्या नावावर करायचाय. तुझा अंगठा लागेल."

शेवंतीने दीप्तीकडे पाहिलं. दीप्ती ताटं उचलण्यात गुंतली.

माणूस आला. पिकलेल्या मिशीचा, थकलेला, काखेत लॅपटॉपची बॅग. त्याने टीपॉयवर लॅपटॉप उघडला, एक लहानसं काचेचं यंत्र जोडलं, आणि कॅमेरा शेवंतीकडे वळवला.

"आजी, इकडे बघा. डोळे उघडे."

"मीटराक माझो फोटो कित्याक होयो?"

माणसाने नितेशकडे पाहिलं. नितेश म्हणाला, "आजकाल सगळ्याला लागतो गं."

"आणि अंगठो?"

"तो पण लागतो."

"नितेशा," शेवंती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ह्या मीटराचाच काम ना?"

"हो."

"दिशाच्या डोक्यार हात ठेवन सांग."

मिशीवाला गृहस्थ घाम पुसत म्हणाला, "पंखा जरा लावता का?" कुणी हललं नाही. दीप्तीने दिशाला हाताला धरून बाहेर, कुंदाच्या घराकडे नेलं.

"हर्षदभाई येवन गेलो," शेवंती म्हणाली. "माणसांका घर दाखवन गेलो. माका इचारल्यान, एकटेक कित्याक एवढा घर? मी तीन सांजा तुका इचारतंय, काय नवीन? काय नवीन? तू सांगतंस, फ्रिजचा दार लाव."

नितेश खाली बसला. मग भडाभडा बोलायला लागला. पवईचं भाडं झेपत नाही. हे घर भाड्याने दिलं तर तेवढं भागेल, त्याच भाडेकराराचा हा अंगठा. तुला एकटीला ठेवणं पटत नाही. आधी सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. "आणि आई, तू घर वापरतेस कुठे? मी बघतो ना रोज. दिवसभर एक ट्यूब, एक पंखा. बेडरूमची लाईन कधी हललीच नाही. तुला एवढं लागतच नाही गं. आमच्याकडे ये ना. दिशा आहे. हॉलमध्ये मोठा दिवाण आहे, त्यावर मस्त—"

"थंय पण हॉलातच?"

नितेशने हातातला मोबाईल पालथा घातला.

"ती खोली मी तुमच्यासाठी ठेवलंय," शेवंती म्हणाली. "तुमी येतलात म्हणान. माझा अंग लागूक नको त्या गादयेक, पोरगी निजतली म्हणान. आणि तू ता मोबाईलात बघून लोकांका सांगलंस, म्हातारी वापरूक नाय. जा वापरलंय नाय ता माझा न्हय काय रे? मी जित्ती आसंय अजून."

"मला काय माहीत असणार? तू बोललीस कधी?"

"तू इचारलंस कधी? डबीक इचारलंस."

मिशीवाल्याने यंत्राची वायर काढून गुंडाळली. "साहेब, मी नंतर येतो. आजींची मर्जी असल्याशिवाय अंगठा घेत नाही मी," असं पुटपुटत तो निघाला. जाताना शेवंतीच्या पाया पडायला वाकला आणि मग काय वाटलं कोण जाणे, अर्ध्यातूनच सरळ झाला.

नितेशही गेला. दारात म्हणाला, "तुला आम्ही परके वाटतो आई." त्याला खरोखर लागलं होतं. त्याच्या मते त्याने आईचं भलंच योजलं होतं. शेवंतीला त्याचा राग आला असता तर सोपं झालं असतं. ती टोपात उरलेल्या रश्श्याकडे बघत राहिली. डबा भरून द्यायचा राहिला होता.

त्यानंतर संध्याकाळचा फोन बंद झाला.

शेवंती आतल्या खोलीत झोपायला लागली. प्लास्टिक फाडायला कुंदा आली. "लाव एसी! झकास लाव. बघू दे त्याला," म्हणाली. लावला. शेवंतीला थंडी वाजली, पाय आखडले, नव्या गादीत पाठ रुतली, पण तिने बंद केला नाही. तिला वाटलं, पवईत बेडरूमची लाईन आता वर गेली असेल. आता तरी फोन करील. ओरडेल, आई काय लावलंयस, बिलाची वाट लागेल. ओरडू दे. आठवडा गेला, आणखी एक गेला. फोन नाही. वाचवत होती तेव्हा रोज बघणारा आता बघत नव्हता, किंवा बघून गप्प बसत होता. दोन्हींतलं वाईट कुठलं ते तिला ठरवता येईना.

एका सकाळी तिने सोसायटीचा वायरमन चंद्रप्रकाश याला वर बोलावलं.

"ही डबी काढ."

"मावशी, चांगली महाग चीज आहे ही. बिल कमी करते."

"माझा बिल मी बघतंय. तू काढ."

त्याने चिमटे काढले, डबी तिच्या हातात दिली. इवलीशी, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. तिने ती ओट्यावर ठेवली आणि तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ निवडून व्हायच्या आत फोन वाजला.

"आई! सगळं शून्य दाखवतंय. मेन पडला का? फ्रिज पण बंद आहे. काय झालं?"

किती दिवसांनी आवाज ऐकला. शेवंतीने फोन कानाशी घट्ट धरला, आणि मग शब्द नीट ऐकले. मेन पडला का, फ्रिज बंद आहे का.

"काय झाला ता येवन बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा वाजला तो उचलला नाही.

तो आला. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, रिक्षाने, ऑफिसचा पट्टा गळ्यात तसाच. बेल लागोपाठ वाजवली. शेवंतीने दार उघडलं. नितेश धापा टाकत होता, चेहरा घामाने डबडबलेला. त्याने वर, दारावरच्या पेटीकडे पाहिलं. मग किचनमधून येणाऱ्या फ्रिजच्या आवाजाकडे कान दिला. मग आईकडे पाहिलं.

"लाईट आहे की," तो म्हणाला.

"आसा."

"मग मला वाटलं..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. बूट काढले, आणि लहानपणापासून घरी आल्याआल्या बॅग टाकायची सवय असलेल्या माणसासारखा तो बॅग घेऊन बेडरूमकडे निघाला. शेवंती मध्ये येऊन उभी राहिली.

"थंय नको. थंय माझा हांतरूण आसा," ती म्हणाली. "तू हय, हॉलात बस. पंखो लावतंय."